फिनलंडचा व्यापार ही निव्वळ खंडणी नव्हती

तटस्थ फिनलंडने सोव्हिएत संघाशी केलेला व्यापार म्हणजे भीतीपोटी दिलेली खंडणी, हे लेखातील विधान मला पटले नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत संघाला द्यावी लागलेली युद्धभरपाई १९५२ मध्येच फिटली होती. पुढचा हिशेब रोखीऐवजी मालाच्या देवघेवीने बसत असल्यामुळे, १९७३ नंतर तेल महागले तेव्हा त्याच्या मोबदल्यात फिनलंडला अधिक जहाजे, यंत्रे आणि कागद पाठवता आला आणि तिथल्या कामगारांच्या हाताला काम राहिले.

खरा धोका होता तो ठरलेल्या गिऱ्हाइकाच्या सवयीचा, आणि तोच लेखात राहून गेला आहे. मुंबईत रुपया-रूबल व्यवहारातील, म्हणजे सोव्हिएत संघाशी अशाच ठरलेल्या हिशेबाने व्यापार करणाऱ्या, एका निर्यातदाराकडे मी नोकरीला होतो. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळल्यावर गोदामात पडून राहिलेली, रशियन अक्षरे छापलेली खोकी मी स्वतः मोजली आहेत. फिनलंडमध्ये १९९४ पर्यंत बेकारी १६ टक्क्यांवर गेली, त्यामागे बँकांच्या संकटाबरोबर हा एकाएकी तुटलेला व्यापारही होता.