म्युझियम बघायचं, पण फिरायचं नाही

पुतणीला गृहपाठ आला होता: घरबसल्या एखाद्या म्युझियमची सफर करा आणि पंधरा ओळी लिहा. बसलो दोघं लॅपटॉपसमोर. जमिनीवरच्या बाणावर टिचकी मारायची, की पुढे सरकायचं. दोनदा खांबात घुसलो, एकदा नुसतं छत बघत बसलो. एका दालनात कसलं तरी भलंमोठं हाड होतं. कसलं, ते कळेना, कारण लेबल मोठं करून बघावं तर अक्षरांचा नुसता चिखल. विसाव्या मिनिटाला निकाल लागला, "काका, बोअर आहे हे."

तिचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं. चालण्याची नक्कल करायची तर पायच नाहीत आणि दमणूक तेवढी आहे. पण यावरून 'स्क्रीनवर काय म्युझियम बघायचं, खरी मजा तिथे जाऊनच' म्हणणाऱ्यांच्या रांगेत मी उभा राहणार नाही. तिथे गेल्यावर तरी सगळं 'खरं' असतं का? लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या मुख्य दालनात 2017 पर्यंत ज्या डिप्पी डायनासोरपुढे लोक फोटो काढत होते, तो अख्खा प्लास्टरचा. शिकागोच्या फील्ड म्युझियममधली सू ही टी-रेक्स खरी, पण धडावर बसवलेली कवटी नक्कल. खरी कवटी इतकी जड की ती वेगळ्या पेटीत ठेवावी लागली.

माझं म्हणणं एवढंच, की घरून म्युझियम 'फिरू' नये. एकच वस्तू पकडावी आणि तिच्यापाशी ठिय्या द्यावा. पाठीमागून ढकलणारी गर्दी नाही, पाय दुखत नाहीत, काचेवर आपलंच तोंड दिसत नाही.

आम्ही मग बाणांचा नाद सोडला आणि अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या म्युझियम-संस्थेची त्रिमितीय मॉडेल्स उघडली. अपोलो 11 चं कोलंबिया यान, ज्यातून तिघे चंद्राकडे गेले आणि परत आले. म्युझियममध्ये ते बाहेरून बघायचं, आत शिरू देत नाहीत. स्क्रीनवर मात्र थेट आत. माऊसने फिरवत फिरवत एका कप्प्यापाशी आलो, तर हाताने आखलेलं छोटंसं कॅलेंडर! जुलै 1969. एकेक दिवस संपला की त्यावर फुली. समुद्रात उतरण्याचा दिवस तेवढा बिनफुलीचा. दुसऱ्या एका कप्प्याच्या दारावर इंग्रजीत इशारा खरडलेला, अर्थ असा की आत वास मारणारा कचरा आहे. पुतणी खो-खो हसली. हे लिखाण म्युझियमवाल्यांच्याही डोळ्यांत भरलं ते यानाचं आतून स्कॅनिंग करताना, म्हणजे यान परत आल्यावर सेहेचाळीसेक वर्षांनी.

स्कॅनिंगची दुसरी गोष्ट जरा कडू आहे. ऑक्सफर्डच्या म्युझियममध्ये डोडो या नामशेष पक्ष्याचं डोकं आहे. चामडी वगैरे शिल्लक असलेला डोडो जगात तेवढा एकच. हा पक्षी सतराव्या शतकात लंडनमध्ये जिवंत दाखवायला ठेवलेला होता, अशी समजूत होती. 2018 मध्ये स्कॅन केलं तर डोक्याच्या मागच्या बाजूला शिशाचे छर्रे निघाले! कुणीतरी मागून गोळी घातली होती. काचेला नाक लावून जन्मभर उभे राहिलो असतो तरी दिसलं नसतं.

स्क्रीन हरते ती आकारापाशी. डिप्पीच्या जागी आता निळ्या देवमाशाचा सांगाडा टांगलाय, होप नावाची मादी, 1891 मध्ये आयर्लंडच्या किनाऱ्यावर अडकलेली. लांबी 25.2 मीटर, लॅपटॉपवर माझ्या करंगळीएवढी. तेव्हा सुतळी मोजून कापली आणि पार्किंगमध्ये ताणली. शेजारी शेजारी दहा गाड्यांच्या चौकटी संपल्या तरी थोडी उरलीच. पुतणी एका टोकाला उभी राहून म्हणाली, "मी शेपटी." हे सुतळीचं काम जरूर करा, त्याशिवाय देवमासा कळत नाही.

आता माझंच बोलणं मला मागे घ्यावं लागतंय. एका जागी मी बाणावर बाण दाबत, एकही दालन न सोडता हिंडलो. ब्राझीलचं राष्ट्रीय संग्रहालय, रिओ. 2 सप्टेंबर 2018 च्या रात्री ते जळालं. सुमारे दोन कोटी वस्तूंचा संग्रह, त्यातला बहुतेक गेला. पण आगीच्या आधी गूगलने आतली दालनं टिपून ठेवली होती आणि त्याच डिसेंबरात ती सगळ्यांना खुली केली. इथे लेबल वाचता येईना म्हणून चिडावंसं वाटलं नाही. पुतणीही गप्प होती. नंतर तिने विचारलं, "आगीतून काहीच नाही वाचलं?"

वाचलं. लुझिया नावाच्या, अकराएक हजार वर्षांपूर्वीच्या बाईच्या कवटीचे तुकडे राखेतून वेचून काढले. आणि प्रवेशापाशी होती बेंडेगो उल्का, पाच टनांहून जड लोखंडी धोंडा. ती होती तिथेच राहिली. आभाळातून पडताना एकदा भाजून निघालीच होती.