‘जवळचं नाम’ हा नियम मी का दिला नाही

नमस्कार. इंग्रजी सर्वनामांवरच्या माझ्या लेखावर आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की ‘सर्वनाम सर्वांत जवळच्या नामासाठी येतं’ एवढं सांगितलं असतं तरी पुरे होतं, मी मुलांना उगाच गोंधळात टाकलं. लेख लांबला हे मान्य. पण तो नियम मी मुद्दाम गाळला, कारण तो ऐन वेळी दगा देतो.

संगणकशास्त्रज्ञ टेरी विनोग्राड यांचं 1972 सालचं प्रसिद्ध उदाहरण घ्या. नगरसेवकांनी निदर्शकांना ‘परमिट’ नाकारलं, ‘बिकॉज दे फिअर्ड व्हायोलन्स’. सर्वांत जवळचं नाम ‘परमिट’, पण ते एकवचनी, ‘दे’ला चालत नाही. त्याच्या आधीचं नाम निदर्शक. तरी भीती वाटली ती नगरसेवकांना. आता ‘फिअर्ड’च्या जागी ‘ॲडव्होकेटेड’ घाला, म्हणजे हिंसेचा पुरस्कार केला. ‘दे’ म्हणजे लगेच निदर्शक! नामं जागची हललीसुद्धा नाहीत.

मराठी मुलांची अडचण आणखी वेगळी आहे, आणि माझा जीव तिथेच अडकतो. ‘रमा सीमाला म्हणाली, की मी पास झाले.’ इथे ‘मी’ म्हणजे रमा, शंकाच नाही. इंग्रजीत इनडायरेक्ट केलं, की ‘रमा टोल्ड सीमा दॅट शी हॅड पास्ड’. पास कोण झालं? तसंच, ‘रमाने सीमाला आपली वही दिली’ म्हटलं तर वही रमाची, ‘तिची’ म्हटलं तर बहुधा सीमाची. इंग्रजीत दोन्हीकडे ‘हर’च. मराठीने जे काम आपसूक केलेलं असतं, ते इंग्रजीत लिहिणाऱ्याला करावं लागतं. म्हणून मी वाक्यच फिरवायला लावते: ‘रमा हॅड पास्ड, अँड शी टोल्ड सीमा सो.’

‘एव्हरीवन’नंतर ‘देअर’ चूक, हा तुमचा दुसरा आक्षेप. परीक्षेत ‘हिज ऑर हर’ मागत असतील तर मुलांनी तेच लिहावं. पण एकवचनी ‘दे’ 14व्या शतकापासून इंग्रजीत आहे. ‘यू’सुद्धा मुळात अनेकवचनीच होतं, एकट्यासाठी ‘दाऊ’ होतं.

तिसरी गोष्ट मात्र तुम्ही अचूक पकडलीत. ‘प्रत्येक सर्वनामामागे एक नाम असतंच’ असं मी लिहिलं होतं. ‘इट इज रेनिंग’मधल्या ‘इट’मागे कुठलंच नाम नाही. ते वाक्य आज दुरुस्त केलं. मनापासून आभार.