होर्डिंगवरचा दर आणि काउंटरवरचा दर

कोल्हापुरात दाभोळकर कॉर्नरला नव्या फोनचं होर्डिंग चढलं की दुसऱ्या दिवशी आमच्या दुकानात वादावादी ठरलेली. होर्डिंगवर माणसाएवढा आकडा असतो, १५,९९९. त्या आकड्याच्या डोक्यावर तिळाएवढी चांदणी, म्हणजे 'अटी लागू'ची खूण. सिग्नल सुटायच्या आत गाडीवरून ती चांदणी दिसायला घारीचीच नजर पाहिजे. माणूस दुकानात येतो, सोळा हजार मोजून खिशात घालून आणलेले असतात, आणि मी सांगतो, "मामा, अठरा हजार नऊशे नव्याण्णव." मग सुरू. "बोर्डावर काय लिवलंय आणि तू काय सांगायलास?"

मी राजारामपुरीत मोबाईलचं दुकान चालवतो. म्हणजे या भांडणात मी काही त्रयस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण आजची पोस्ट ऑनलाइन विरुद्ध दुकानदार या नेहमीच्या रडगाण्याची नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की लाँचच्या दिवशी कंपनी स्टेजवरून जो आकडा सांगते ती किंमत नसतेच, ती जाहिरात असते. आणि ज्या गिऱ्हाइकाला समोर धरून ती बेतलेली असते, ते गिऱ्हाईक कोल्हापूर जिल्ह्यात फार थोडं आहे.

उदाहरणाला एक फोन धरा. बॉक्सवर एमआरपी छापलीय २२,९९९. ती कुणीच देत नाही, ती फक्त 'इतके टक्के सूट' दाखवायला असते. बाजारात विकायची किंमत, जिला आम्ही लाइनमधले लोक एमओपी म्हणतो, ती १८,९९९. होर्डिंगवर १५,९९९. मधले तीन हजार गेले कुठं? दोन हजार ठरावीक बँकेच्या क्रेडिट कार्डावर, त्यातही बऱ्याचदा हप्त्यावर घेतला तरच. उरलेला एक हजार एक्स्चेंज बोनस, म्हणजे जुना फोन जमा केलात तर. जुन्या फोनचा दर अ‍ॅप ठरवतं. काचेवर चरा आहे का, बटण दबतं का, बॉक्स आहे का, एकेक प्रश्नाला दर खाली घसरत जातो आणि माणसाचं तोंड उतरत जातं.

आता ते क्रेडिट कार्ड कुणाकडं असतं ते सांगा. माझ्याकडं येणारं गिऱ्हाईक कागल, करवीर, राधानगरी, पन्हाळ्याकडचं. उसाचं बिल केडीसीला, म्हणजे जिल्हा बँकेत, दुधाचं बिल गावच्या संस्थेत, चार पैसे शिल्लक पडले तर पतसंस्थेत. डेबिट कार्ड असतं, पण त्याला ऑफर नसते. ऑफर असते तीन-चार मोठ्या बँकांच्या क्रेडिट कार्डाला, आणि ते असतं हिंजवडीत नोकरीला असलेल्या पुतण्याकडं. मग काउंटरवरूनच फोन लागतो. "बाळू, तुझं कुठल्या बँकेचं कार्ड हाय रं?" बाळू मीटिंगमध्ये. तासाभरानं बाळू मोकळा होतो, ओटीपी येतो, तो सांगताना एक आकडा चुकतो, परत ओटीपी. हप्ते बाळूच्या नावावर, फोन काकांच्या हातात. पुढं दर महिन्याला "पैसे टाकलंसा का" हा विषय घरात निघतो तो कुठल्या कंपनीच्या प्रेझेंटेशनमध्ये येत नाही.

वेळेचंही तेच. मोठ्या ऑफरी दसऱ्याच्या आसपास. ऊस तुटतो त्यानंतर, गाळप सुरू होऊन बिल हातात पडेपर्यंत ऑफर कधीच उठलेली असते. दिवाळीआधी गोकुळ दूध संघाचा दूध फरक, म्हणजे दुधाच्या दरातला राहिलेला फरक, जमा होतो म्हणून तरी आमची दिवाळी होते. ज्याच्याकडं रोख पैसे आहेत आणि जो एका दमात सगळे मोजायला तयार आहे, त्याला सगळ्यात जास्त दर. हे गणित मला या धंद्यात इतकी वर्षं काढूनही पटलेलं नाही.

'नो कॉस्ट ईएमआय'ची गंमत तर वेगळीच. बँक फुकट पैसे देत नाही, देऊच शकत नाही. २०१३ च्या सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेनं शून्य टक्के व्याजाच्या या स्कीमवर बोट ठेवलं, कारण व्याज प्रोसेसिंग फीच्या नावाखाली लपवलं जात होतं. तेव्हापासून पद्धत अशी की जितकं व्याज, तितकी सूट आधी किमतीत द्यायची आणि मग व्याज लावायचं. म्हणजे व्याज आहेच, ते कंपनी नाहीतर विक्रेता भरतो. व्याजावरचा १८ टक्के जीएसटी मात्र गिऱ्हाइकाच्या माथी, वर प्रोसेसिंग फी. आमच्याकडं टेबल टाकून बसणाऱ्या फायनान्सवाल्यांचा 'फाईल चार्ज' आणखी निराळा. रोख देणाऱ्यानं खरं तर ती सूट आपल्याला मागायला पाहिजे. कुणी मागत नाही, आणि न मागता कोण देतो?

किमतीचा हा खेळ नवा नाही. २०१७ च्या जुलैत जिओफोन आला तेव्हा 'इफेक्टिव्ह किंमत शून्य' अशी घोषणा झाली. प्रत्यक्षात १,५०० रुपये डिपॉझिट, तीन वर्षांनी फोन परत केल्यावर मिळणारं. दुकानात लोक "फुकटचा फोन द्या" म्हणून यायचे. तरी एक बरं, ते दीड हजार कंपनीनं निदान स्टेजवरूनच सांगितले होते. त्याच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारी २०१६ मध्ये, नोएडाच्या रिंगिंग बेल्सनं २५१ रुपयांत स्मार्टफोन देतो म्हणून सांगितलं. बुकिंग उघडल्या उघडल्या वेबसाइट झोपली. लाँचला पत्रकारांना दाखवलेल्या फोनवर दुसऱ्याच कंपनीचं, अ‍ॅडकॉमचं नाव निघालं, वर व्हाइटनर फासलेला. अडीचशे रुपयांत डिस्प्लेची काच येत नाही हे मी गिऱ्हाइकांना घसा सुकेपर्यंत सांगत होतो. "तुला तुझा धंदा बुडायची भीती" असं वर ऐकूनही घेतलं.

मार्केट यार्डात गुळाचा सौदा निघतो तेव्हा रवा, म्हणजे गुळाची ढेप, समोर ठेवलेला असतो. व्यापारी बघतो, चाखतो, मग दर बोलतो, आणि बोलला तो दर. फोनच्या बाजारात दर आधी बोलला जातो, माल नंतर येतो, आणि कधी कधी येतच नाही.

'येतच नाही' हे मी रागानं म्हणत नाही. जुलै २०१४ मध्ये शाओमी भारतात आली, एमआय ३ घेऊन, १३,९९९ रुपयांत. फोन खरोखर चांगला होता, त्याबद्दल वाद नाही. पण विकला कसा? फक्त फ्लिपकार्टवर, नाव नोंदवून, मंगळवारी दुपारी दोनला. काही सेकंदांत 'सोल्ड आउट'. पोरं कॉलेज बुडवून बटण दाबत बसायची आणि हात हलवत माझ्याकडं यायची. त्या डिसेंबरात वनप्लस आली, तिचा फोन घ्यायला पैसे असून भागायचं नाही, कंपनीचं इन्व्हाइट लागायचं. टंचाई हीच जाहिरात. फुकटात पेपरात बातमी, फुकटात चर्चा. धंदा म्हणून हुशारी मानली पाहिजे, मी मानतो. पण पुढं ही युक्ती सगळ्यांनी उचलली आणि चांगलं मॉडेल आधी ऑनलाइन, उरलंसुरलं दुकानात अशी रीतच पडली. २०२४ मध्ये स्पर्धा आयोगाच्या चौकशी अहवालातले निष्कर्ष बाहेर आले. ठरावीक वेबसाइटवरच लाँच करण्यासाठी फोन कंपन्यांनी अ‍ॅमेझॉन आणि फ्लिपकार्टशी संगनमत केलं, असा ठपका त्यात होता. त्याच वर्षी दक्षिणेतल्या मोठ्या दुकानदारांच्या संघटनेनं १ मेपासून वनप्लसचा माल विकायचा नाही असं जाहीर केलं होतं.

दुकानात माल येतो तेव्हाचीही एक रीत आहे, बाहेरच्या लोकांना माहीत नसते. खपणारं मॉडेल हवं असेल तर डिस्ट्रिब्युटरचा माणूस म्हणतो, "पाच देतो, पण सोबत ही दुसरी दहा उचला." ती दुसरी दहा म्हणजे सहा महिने गोडाऊनमध्ये धूळ खाणारी. नाही उचलली तर पुढच्या लाँचला आपलं नाव यादीत तळाला. मग दुकानदार ती दहा कुणाच्या तरी गळ्यात मारतो. मीही मारलीत.

किंमत उतरली की काय होतं ते तर ऐकाच. लाँचनंतर दोन-तीन महिन्यांत फोन दोन हजारांनी उतरतो. माझ्याकडं पडून असलेल्या मालाला कंपनी फरकाची क्रेडिट नोट देते, म्हणजे तेवढे पैसे आमच्या खात्यात वळते करते. दुकानदार सांभाळला जातो, उशिरा का होईना. पण आठ दिवसांपूर्वी पूर्ण पैसे मोजून नेलेल्या गिऱ्हाइकाला ठेंगा. पहिला आयफोन अमेरिकेत २९ जून २००७ ला विक्रीला आला. सप्टेंबरात ५९९ डॉलरचा फोन एकदम ३९९ वर आणला. आधी घेतलेले लोक खवळले. स्टीव्ह जॉब्सनं जाहीर पत्र लिहिलं आणि त्यांना स्टोअरमध्ये वापरायला १०० डॉलर दिले. दोनशेच्या बदल्यात शंभर, तेही रोख नव्हे, पण पहिल्या दिवशी रांग लावणाऱ्याचं काहीतरी देणं लागतो एवढं कबूल केलं. आपल्याकडं असं पत्र मी तरी अजून बघितलेलं नाही.

त्याच अ‍ॅपलनं पुढं काय केलं तेही सांगतो, नाहीतर कुणी कमेंटमध्ये म्हणेल आयफोनवाल्यांनी तुला किती दिले. सप्टेंबर २०२४ मध्ये आयफोन १६ आला तो 'अ‍ॅपल इंटेलिजन्स' या एआय सुविधांच्या जिवावर. जाहिरातीत एक बाई सिरीला, म्हणजे फोनमधल्या बोलणाऱ्या मदतनिसाला, विचारते की दोन महिन्यांपूर्वी अमक्या कॅफेत भेटलेल्या माणसाचं नाव काय, आणि सिरी नाव सांगते. लोकांनी फोन घेतले. मार्च २०२५ मध्ये कंपनीनं सांगितलं, त्या सुविधेला अजून वेळ लागेल, आणि जाहिरात काढून घेतली. फोन विकला गेला होता, हप्ते चालू होते. बाकीचेही काही धुतल्या तांदळाचे नाहीत. नोकियानं २०१२ मध्ये ल्युमिया ९२० च्या व्हिडिओत, फोनमधून शूटिंग किती स्थिर येतं ते सायकलवरच्या मुलीला दाखवून सांगितलं. वाटेत एका काचेत प्रतिबिंब दिसलं, गाडीत मोठा कॅमेरा घेऊन बसलेल्या माणसाचं. माफी मागावी लागली.

आत्ता माझ्या समोर डेमोचा एक फोन आहे, त्याच्यावरचं स्टिकर वाचून दाखवतो. '१६ जीबी रॅम', वर चांदणी. फोन उलटा केल्यावर खाली बारीक अक्षरात: ८ जीबी अधिक ८ जीबी व्हर्च्युअल. म्हणजे खरी रॅम आठच, बाकीची आठ तुमच्याच स्टोरेजमधून उसनी घेतलेली. मागं कॅमेऱ्याची तीन वर्तुळं. एक ५० मेगापिक्सेलचा खरा, दुसरा २ मेगापिक्सेलचा नावाला, तिसऱ्या वर्तुळात कॅमेराच नाही, तिथं फ्लॅश आहे. आमच्याकडं कंपनीनं बसवलेला प्रमोटर पोरगा हे सगळं "ट्रिपल कॅमेरा" म्हणून सांगत नाही, पण वर्तुळं मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला अडवतही नाही. त्याचा पगार टार्गेटवर आहे, त्याला बोल लावून उपयोग नाही.

कायदा नाही असं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ९ जून २०२२ ला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात स्पष्ट आहे की अट ही दाव्याच्याच भाषेत पाहिजे आणि त्याच फॉन्टमध्ये पाहिजे. आता शहरातली होर्डिंगं आठवा. 'लई भारी ऑफर' हे कोल्हापुरीत, आणि 'अटी लागू'च्या पुढच्या चार ओळी मुंगीच्या पायाएवढ्या इंग्रजीत. दिशाभूल सिद्ध झाली तर १० लाखांपर्यंत दंड, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. नोव्हेंबर २०२३ मध्ये 'डार्क पॅटर्न'वरही, म्हणजे वेबसाइट-अ‍ॅपवर गिऱ्हाइकाला गंडवायच्या युक्त्यांवरही, नियम आले. तेरा प्रकार दिलेत, त्यात खोटी घाई करणं आहे, शेवटच्या पानावर गुपचूप पैसे वाढवणं आहे, न विचारता टोपलीत विमा टाकणं आहे. नियम चांगले आहेत. तक्रार करणारा पाहिजे, आणि दोन हजारांसाठी कोण करतो? १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, फोन उचलतात, एवढं सांगून ठेवतो.

इनबॉक्समध्ये "दादा कोणता घेऊ" विचारणाऱ्यांनी एवढं करा. लाँचच्या पहिल्या महिन्यात घेऊ नका. कुठल्याही दुकानात गेलात, अगदी माझ्याही, तर आधी विचारा: कार्ड नाही, जुना फोन नाही, हप्ता नाही, सगळे रोख देतो, किती? जो आकडा येईल त्याच्यावर घासाघीस करा. रिव्ह्यू बघायचे तर लाँचच्या रात्रीचे बघू नका. ते सगळे एकाच मिनिटाला टाकायची वेळ कंपनीनंच ठरवून दिलेली असते. तीन महिने वापरून बोलणारा शोधा.

मी दुकानाबाहेर हातानं लिहिलेली पाटी लावलीय, प्रत्येक मॉडेलचा फक्त रोख दर, चांदणी नाही. परवा एका कंपनीचा एरिया सेल्सवाला आला आणि म्हणाला, "साहेब, पाटी काढा, आमचा स्टँडी झाकला जातोय." पाटी आहे तिथंच आहे. स्टँडी, म्हणजे जाहिरातीतल्या हिरोचा उभा कटआउट, आत बिलिंगच्या टेबलामागं नेऊन ठेवलाय, त्या हिरोच्या खांद्यावर पोरं आता हेल्मेट अडकवतात.