कोय कोणाची? दोन मुलींच्या आईबापांना फुकटचा सल्ला

घरात दोन मुली असतील, एक सात वर्षांची आणि एक चार, तर आधी वजनकाटा आणा. स्वयंपाकघरात वापरतात तो, ग्रॅम दाखवणारा. आंब्याचा मोसम सुरू व्हायच्या आत आणलात तर उत्तम. आमरसाच्या दोन वाट्या त्यावर ठेवायच्या, 120 ग्रॅम आणि 120 ग्रॅम, आकडा दोघींना दाखवायचा आणि न्याय झाला असं समजून निवांत पेपर उघडायचा. पान उलटायच्या आत आतून आवाज येईल, "कोय कोणाची?"

याचं उत्तर माझ्याकडे नाही, म्हणून तर सल्ला देतोय. उत्तर सापडलेली माणसं लेख लिहीत बसत नाहीत. एका आंब्यात एकच कोय असते, त्या अर्थी निसर्गाला एकच मूल असणार. तुम्ही म्हणाल, दोन आंबे कापा. कापा की! एका हापूसची कोय चपटी निघेल, दुसऱ्याची गुबगुबीत. मग रायवळ आणाल, तर "हिच्या कोयीला केस जास्त आहेत" अशी तक्रार येईल. कोयीला केस असणं चांगलं की वाईट, हे तक्रार कोण करतंय त्यावर ठरतं.

वाटणीची एक शास्त्रशुद्ध पद्धतही आहे, तीही करून बघा. एकीने तुकडे करायचे, दुसरीने आधी निवडायचं. गणितवाल्यांना ही पद्धत फार आवडते. होळीला आम्ही ती पुरणपोळीवर लावली. थोरलीने दप्तरातली पट्टी आणली, मी ओरडल्यावर धुतली, पोळीच्या मधोमध धरली आणि श्वास रोखून सुरी फिरवली. सोनाराने कापावी तशी पोळी कापली गेली. धाकटीने एक नजर टाकली आणि झटकन डावीकडचा तुकडा उचलला. "यात ससा आहे." तव्यावर पडलेला तपकिरी डाग होता, त्याला दोन कान होते. खरोखर ससाच. थोरलीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिने सेंटिमीटर मोजले होते, ससे मोजले नव्हते. गणितवाल्यांनीही मोजलेले दिसत नाहीत.

पैशाच्या बाबतीत मात्र बेसावध राहू नका. सुकन्या समृद्धी योजनेत 2015 पासून एका घरातल्या दोन मुलींची खाती काढता येतात, तशी आमच्याकडेही आहेत. थोरलीचं खातं तीन वर्षं आधी उघडलेलं, त्यामुळे तिची शिल्लक जास्त. धाकटीला अजून आकडे वाचता येत नाहीत. ते यायच्या आत फरक भरून काढणं एवढीच माझी सध्याची आर्थिक उद्दिष्टं आहेत.

आणि प्रवास जरूर करा, तोही एसटीने. आम्ही मे महिन्यात पुण्याहून चिपळूणला आजीकडे जातो. एसटीत 5 ते 12 वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट, म्हणून थोरलीचं अर्धं. मार्च 2023 पासून बायकांनाही निम्मं, म्हणून यांच्या आईचंही अर्धं. पूर्ण तिकीट माझं एकट्याचं. आमच्या घरात माझी पुरती किंमत धरली जाते अशी ही एकच जागा.

पाचाच्या आतल्यांना तिकीटच नाही. इथे घोळ झाला. कंडक्टरने मशीनमधून तिकिटं काढून हातात ठेवली, धाकटीचा हात पुढे तसाच.

"माझं?"

"बाळा, तुला तिकीट लागत नाही. तू फुकट."

"ताईला दिलंय."

"अगं, सरकार तुझ्याकडे पैसे मागतच नाही."

"मागा ना मग!"

गाडी स्वारगेटच्या बाहेर पडलेली, अजून निम्म्या लोकांची तिकिटं राहिलेली, आणि हा गृहस्थ तोंडात पेनाचं टोपण धरून विचार करतोय. शेवटी त्याने मशीनच्या कागदाची बोटभर कोरी पट्टी फाडली, तिच्यावर मोठा 4 लिहिला, खाली सही ठोकली आणि अदबीने तिला दिली. धाकटीने ती मुठीत घेतली ती चिपळूणपर्यंत सोडली नाही. मी सुटलो म्हणून पाठ टेकली, तर थोरली आपलं छापील तिकीट उलटसुलट करत होती. "बाबा, माझ्यावर सही नाहीये."

खिडकीचं आधीच ठरवून टाका. आमचा करार असा, साताऱ्यापर्यंत थोरली, पुढे धाकटी. करार पाळला जातो, फक्त सातारा कुठे संपतं यावर वाद होतो. त्या वादात पलीकडच्या सीटवरच्या बाईंनी तोंड घातलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "दोघी मुलीच का?" अशा वेळी रागावायचं नाही. याच सातारा जिल्ह्यात 2011 मध्ये 'नकुशा' नाव घेऊन जगणाऱ्या 200हून अधिक मुलींची नावं समारंभ करून बदलली गेली. त्या मानाने बाईंनी नुसता प्रश्नच विचारला होता. मी सौम्य चेहरा करून काहीतरी बाणेदार सुचायची वाट बघत होतो, तेवढ्यात धाकटी म्हणाली, "नाही, एक बाबा पण आहे." बाई पुढे बोलल्या नाहीत. पाटण आल्यावर त्यांनी दोघींना शेंगदाण्याची चिक्की दिली. एकच वडी होती, हे निराळं सांगायला नको.

पाटणच्या पुढे दोघी एकमेकींवर कलंडून झोपल्या. मी बायकोकडे विजयी मुद्रेने बघितलं. ही चूक तुम्ही करू नका. कंडक्टरने "कोयनानगर, कोयनानगर" अशी आरोळी दिली आणि धाकटी झोपेतच ताडकन उठून बसली. "कोय माझी!"

दातांबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. दुधाचे दात 20 असतात आणि साधारण सहाव्या वर्षी पडायला लागतात. म्हणजे थोरलीचे सगळे पडेपर्यंत 20 समारंभ, आणि प्रत्येक समारंभाला चार वर्षांचा एक दुःखी प्रेक्षक. आमच्याकडे पडलेला दात तुळशीत पुरतात. थोरलीचा खालचा दात पुरला, त्या दिवसापासून धाकटी कुंडीला दोन वेळा पाणी घालायला लागली. मला वाटलं, बहिणीची माया. चौथ्या दिवशी उकरून बघताना सापडली. "उगवला नाही अजून." मग तिने आपलाही एक पुरला. तो चुरमुरा होता, पण लांबून बघितलं तर काय फरक आहे? तुळस सडायला आली आहे. आजीला सांगू नका.

शेवटचा उपाय जालीम आहे, जपून वापरा. एकीला दुसऱ्या गावी पाठवा. चिपळूणहून परतल्यावर थोरली तीन दिवस मावशीकडे राहायला गेली. मी धाकटीला समोर बसवलं, पेटीतला सगळ्यात मोठा हापूस कापला आणि कोय बशीत ठेवून तिच्यापुढे सरकवली. पूर्ण. एकटीची. कोणी बघत नाही, कोणी मागत नाही. इतकं स्वच्छ सुख तिला जन्मात मिळालं नव्हतं. तिने ती हातात घेतली, कोपरापर्यंत रस ओघळेस्तोवर चोखली, मग थांबली. कोय फिरवून बघितली, दुसऱ्या बाजूला बोटाने खूण केली.

"एवढी ताईची."

उष्टी कोय, वाटीत, वर ताटली झाकून, फ्रिजमध्ये दुधाच्या शेजारी. दोन दिवस रोज सकाळी तपासणी. मी एकदा टाकायला निघालो, तर कोणी मेल्यासारखा आकांत झाला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी थोरली आली, चपलाही न काढता धाकटीने तिला ओढत फ्रिजपाशी नेलं आणि वाटी हातात दिली. आतली कोय तोवर काळपट, सुरकुतलेली, पणजीच्या हनुवटीसारखी झालेली.

थोरलीने ती प्रकाशात धरली, एक डोळा मिटून नीट निरखली.

"हिने अर्ध्यापेक्षा जास्त खाल्लीय," असं म्हणाली आणि तिथेच फरशीवर फतकल मारून चोखायला बसली.