मानसिक आजार हात वर करून ठरतात का?

एक मजकूर सध्या खूप फिरतोय. त्याचा सारांश असा: मानसिक आजाराची रक्ताची तपासणी नाही, स्कॅन नाही, अमेरिकेतली एक समिती मतदान घेऊन आजार जाहीर करते, दोन डॉक्टरांचं एकमत होत नाही, साधं दुःखही आता आजार झालंय, हे सगळं औषध कंपन्यांसाठी चाललंय, तेव्हा गोळ्या सोडा. शेवटचे तीन शब्द नसते तर मी उत्तर द्यायला बसले नसते. पण हा मजकूर वाचणाऱ्यांत गोळ्यांच्या आधाराने उभी राहिलेली माणसंही आहेत.

'तपासणीच नाही.' बहुतेक मानसिक आजारांबाबत हे खरं आहे. पण मायग्रेनचीही रक्ततपासणी नसते. लक्षणं विचारूनच निदान होतं आणि त्या वेदनेला कुणी खोटं म्हणत नाही. उलट नैराश्याचं निदान करण्याआधी चांगला डॉक्टर थायरॉइड बघतो, गरज वाटली तर बी-१२ बघतो, कारण त्यांच्या कमतरतेतही माणूस असाच खचलेला दिसू शकतो. एकेकाळी मनोरुग्णालयांत 'जनरल पॅरेसिस'चे, म्हणजे बुद्धी ढासळून हळूहळू लकवा येणाऱ्या आजाराचे, असंख्य रुग्ण असत. १९१३ मध्ये नोगुची आणि मूर यांना अशा रुग्णांच्या मेंदूत सिफिलिसचे जंतू सापडले. जंतू दिसण्याआधीही ती माणसं तितकीच आजारी होती.

'मतदानाने आजार ठरतात.' याचा आधार खरा आहे. १९७३ मध्ये अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनने (तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने) समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली आणि पुढच्या वर्षी सदस्यांच्या मतदानात ५८ टक्क्यांनी तो निर्णय कायम ठेवला. तिला आजार म्हणणं हा अन्यायच होता आणि त्याची किंमत असंख्य माणसांनी मोजली. मात्र मताआधी पुरावा आला होता: मानसशास्त्रज्ञ एव्हलिन हूकर यांनी १९५७ मध्येच दाखवलं होतं, की मानसिक चाचण्यांच्या निकालांवरून तज्ज्ञांना समलैंगिक आणि इतर पुरुष वेगळे ओळखता येत नाहीत. रेषा कुठे आखायची हे तर सगळ्याच वैद्यकात माणसं बसून ठरवतात. अमेरिकेत २०१७ मध्ये उच्च रक्तदाबाची मर्यादा १४०/९० वरून १३०/८० वर आणली, तीही तज्ज्ञांच्या समितीनेच. शिवाय याच अमेरिकन संघटनेची डीएसएम, म्हणजे मानसिक आजार आणि त्यांचे निकष देणारी पुस्तिका, ही एकमेव यादी नाही. जागतिक आरोग्य संघटनेची सगळ्या आजारांची यादी, आयसीडी-११, सदस्य देशांनी २०१९ मध्ये स्वीकारली आणि २०२२ पासून ती लागू आहे.

'दोन डॉक्टरांचं जमत नाही.' या मुद्द्यात दम आहे. १९६०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये स्किझोफ्रेनियाचं निदान लंडनपेक्षा कितीतरी जास्त होत होतं. मग दोन्हीकडच्या रुग्णांना त्याच ठरावीक प्रश्नांनी तपासलं, तेव्हा फरक जवळजवळ नाहीसा झाला. रुग्ण सारखेच होते, डॉक्टरांच्या सवयी वेगळ्या होत्या. १९८० च्या डीएसएम-३ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट स्पिट्झर यांनी प्रत्येक आजाराचे स्पष्ट निकष लिहून घेतले, ते हीच विसंगती मोडण्यासाठी. ती पूर्ण मोडली का? नाही. डीएसएम-५ च्या चाचण्यांत दोन डॉक्टरांमधली सहमती मोजली गेली. शून्य म्हणजे निव्वळ योगायोग, एक म्हणजे पूर्ण एकमत. आघातोत्तर तणावाला (भयंकर प्रसंगानंतर मागे उरणारा त्रास, पीटीएसडी) ०.६७ मिळाले, नैराश्याला फक्त ०.२८. इतक्या सर्रास होणाऱ्या निदानाचा हा आकडा अस्वस्थ करणारा आहे, आणि या क्षेत्रातल्यांनी तो लपवू नये. पण त्यावरून निदान अधिक काळजीने करायला हवं, वेळ देऊन, पुन्हा भेटून, हे सिद्ध होतं. त्रासच नाही, हे सिद्ध होत नाही.

'दुःखालाही आजार म्हणतात.' २०१३ मध्ये डीएसएम-५ ने शोकात असलेल्यांना लगेच नैराश्याचं निदान न देण्याची सवलत काढली, तेव्हा आधीच्या आवृत्तीचे प्रमुख अ‍ॅलन फ्रान्सिस यांनीच कडाडून विरोध केला. मला त्यांचं म्हणणं पटतं. तरी नैराश्याचे निकष पूर्ण वाचा: नऊपैकी किमान पाच लक्षणं, दोन आठवडे, जवळजवळ रोज, आणि त्यामुळे जगणं अडलेलं. मोबाइलवर नऊ प्रश्नांची चाचणी भरून आलेला आकडा म्हणजे निदान नव्हे. तो फक्त डॉक्टरकडे जावं का एवढं सुचवतो.

'कंपन्यांसाठी.' हितसंबंध होते. डीएसएम-४ च्या तज्ज्ञांपैकी ५६ टक्क्यांचे औषध कंपन्यांशी आर्थिक संबंध असल्याचं २००६ मध्ये उघड झालं. यावर लक्ष ठेवायलाच हवं. पण बायपोलर आजारात, म्हणजे कधी नैराश्य तर कधी उन्माद (अति उत्साहाचे, बेभान दिवस) येणाऱ्या आजारात, आजही अग्रक्रमाने दिलं जाणारं लिथियम हा साधा क्षार आहे, त्याचं पेटंट कुणाकडेच नाही.

आणि याच आजारात वर्गीकरण कशासाठी लागतं ते दिसतं. समोर खचलेला माणूस बसलाय. डॉक्टर विचारतात, 'कधी असे दिवस आले होते का, की तीन तास झोपूनही थकवा नाही, डोक्यात विचारांची गर्दी, पैसा हातात ठरत नाही, घरचे म्हणतात तू बदललास?' उत्तर 'हो' आलं, तर फक्त नैराश्याची गोळी देणं धोक्याचं, कारण तिच्यामुळे तो उन्मादात जाऊ शकतो. हा प्रश्न विचारायचं सुचतं, कारण कुणीतरी नैराश्य आणि बायपोलर हे दोन आजार वेगळे मांडून ठेवलेत. असाच रुग्ण तो मजकूर वाचून एका दिवसात लिथियम बंद करेल, तर आजार उलटण्याचा आणि आत्महत्येचा धोका वाढतो. औषध नको असेल तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. मात्रा हळूहळू कमी करता येते.