.४४ मॅग्नमच्या प्लेटेड बुलेट्सबद्दलच्या अभिप्रायाला दुकानाचं उत्तर

नमस्कार. आमच्याकडच्या २४० ग्रेन वजनाच्या प्लेटेड बुलेट्स भंगार आहेत, त्या बसवून स्वतः भरलेली पूर्ण मॅग्नम लोडची (पूर्ण ताकदीची) काडतुसं हलक्या रिव्हॉल्वरमध्ये मारताना चौथ्या गोळीला सिलिंडर (काडतुसांचं फिरतं चाक) अडकला आणि बॅरलमध्ये शिसं साचलं, असं तुम्ही लिहिलंय. हा त्रास खरा आहे, पण माल खराब असल्याची ही लक्षणं नाहीत. ही बुलेट त्या कामाची नाही.

प्लेटेड म्हणजे मऊ शिशावर तांब्याचा पातळ मुलामा. तिला बहुतेक वेळा क्रिंप (केसचं, म्हणजे काडतुसाच्या पितळी कवचाचं, आत वळवलेलं तोंड) बसायला खाच नसते. धक्क्यासरशी रिव्हॉल्वर आणि केस मागे येतात, बुलेट मात्र जागीच राहू बघते आणि दर गोळीला थोडी बाहेर सरकते. तिचं टोक सिलिंडरबाहेर आलं की सिलिंडर फिरायचा थांबतो. शस्त्र जितकं हलकं, तितकं हे लवकर होतं. त्यावर उपाय म्हणून क्रिंप जोरात आवळला तर मुलामा चिरतो आणि उघडं पडलेलं शिसं बॅरलला चिकटतं. शिवाय बऱ्याच प्लेटेड बुलेट्सची मर्यादा सेकंदाला १२०० ते १२५० फुटांच्या आसपास असते. .४४ मॅग्नमचा पूर्ण लोड ती सहज ओलांडतो.

पूर्ण लोडसाठी खाच असलेली ०.४२९ इंची जॅकेटेड (जाड तांब्याच्या आवरणाची) बुलेट घ्या आणि केसचं तोंड त्या खाचेतच वळवा. कठीण कास्टही (ओतीव शिशाची) चालते, पण आधी सिलिंडरचे थ्रोट (बुलेट बाहेर पडते ती पुढची तोंडं) मोजा. बुलेट त्याहून बारीक असली तर गरम वायू कडेनं निसटतो आणि शिसं वितळवत जातो. (डेझर्ट ईगल या गॅसवर चालणाऱ्या पिस्तुलात मात्र कास्ट नकोच, गॅसचं छिद्र बुजतं.)

नुसत्या क्रिंपच्या भरवशावर राहू नका. खरी पकड केसच्या भिंतीची. एक्सपांडर (भरताना केसचं तोंड रुंदावणारा दांडा) बुलेटपेक्षा ०.००२ ते ०.००३ इंच बारीक हवा. खात्री अशी करा: सहावं काडतूस कॅलिपरनं मोजून ठेवा, पाच मारा, तेच पुन्हा मोजा. लांबी वाढली असेल तर तो लोड त्या रिव्हॉल्वरसाठी बाद. सिलिंडर अडकलाच तर नळी लक्ष्याकडेच ठेवा, हातोडीनं ठोकू नका.

बुलेट बदलली की पावडरचं जुनं माप विसरा. त्याच बुलेटसाठी मॅन्युअलमध्ये दिलेल्या सुरुवातीच्या मापापासून चढत जा.

उघडलेल्या डब्यातल्या बुलेट्स मॅग्नमपेक्षा कमी ताकदीच्या .४४ स्पेशल काडतुसाच्या वेगाच्या सौम्य लोडसाठी उत्तम आहेत. न उघडलेले डबे घेऊन या, जॅकेटेडशी बदलून देऊ. उरलेलं एखादं काडतूसही आणा, त्याचा क्रिंप बघून सांगतो.