थरारासाठी गॅरेजचे उंबरठे का झिजवायचे?

स्पोर्ट्स कार घ्यायचा विषय काढला की हमखास विचारले जाते, “मजा हवी की भरवसा?” हा प्रश्न ऐकला की आता माझी तळपायाची आग मस्तकात जाते. पूर्ण पैसे मोजणाऱ्या माणसाने या दोहोंपैकी एकावरच समाधान मानावे, हे ठरवले कोणी?

माझ्या गाडीच्या इंजिनाबद्दल माझी काडीचीही तक्रार नव्हती. वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबला की ती ज्या आवेशाने झेपावत असे, त्याला तोड नव्हती. पण त्याच इंजिनाला थंड ठेवणाऱ्या कूलंटच्या नळीचा जोड होता अंगठ्याएवढ्या प्लॅस्टिकचा. उष्णतेने तो ठिसूळ होऊन तडकायचा, बोनेटखालून कूलंटचा गोडसर वास यायचा आणि तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकताना पाहून भर वाहतुकीत गाडी कडेला घ्यावी लागायची. नवा जोड बसवावा, तर तोही प्लॅस्टिकचाच. इंजिन घडवताना जीव ओतणाऱ्यांनी एवढासा तुकडा धातूचा करताना हात आखडता घ्यावा, याचा संताप येतो. त्यावर मेकॅनिकने कौतुकाने म्हणायचे, “साहेब, अशा गाड्या नखरे करणारच!” यात नखरा कसला? ही निव्वळ कंजुषी आहे.

मोठमोठ्या नावांचीही यातून सुटका नाही. पोर्शेच्या पहिल्या बॉक्स्टरमध्ये आणि ९११ या मॉडेलच्या ९९६ मालिकेतील साध्या गाड्यांमध्ये इंटरमीडिएट शाफ्टचे (इंजिनातील एका फिरत्या दांड्याचे) बेअरिंग निकामी झाले, की धातूचा चुरा तेलातून पसरून अख्खे इंजिन बाद होऊ शकते. त्याच मालिकेतील टर्बो आणि जीटी३ यांच्या इंजिनाची रचना वेगळी होती आणि त्यांना हा रोग नव्हता, त्यामुळे कंपनीचे ज्ञान कमी पडले असे म्हणायलाही जागा उरत नाही. फेरारी एफ३५५ चा टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या झडपांची वेळ सांभाळणारा पट्टा) बदलायचा, तर संपूर्ण इंजिन गाडीतून उतरवावे लागते. १९९९ मध्ये आलेल्या ३६० मोडेनात सीटांच्या मागे झाकण दिले गेले आणि तेच काम इंजिन जागेवर ठेवून होऊ लागले. मग आधीच्या मालकांनी इंजिन उतरवण्याची जी बिले भरली, त्यातून त्यांना कोणता जादा थरार मिळाला?

भरवशाच्या गाड्या बनवणारेही काही कमी नाहीत. चाकांखाली खडी आहे की डांबर हे हाताला कळूच नये असे स्टिअरिंग द्यायचे, इंजिनाचा आवाज स्पीकरमधून ऐकवायचा आणि वर त्या गाडीला ‘स्पोर्ट’ म्हणून विकायचे, हीसुद्धा फसवणूकच आहे.

खरी चीड याची आहे की या प्रश्नाचे उत्तर केव्हाच मिळालेले आहे. १९८९ मध्ये माझ्दाने एमएक्स-५ आणली आणि जुन्या ब्रिटिश रोडस्टरची, म्हणजे उघड्या छताच्या दोन आसनी गाड्यांची, सगळी मजा त्यांच्या तेलगळतीशिवाय देता येते, हे दाखवून दिले. २०१६ मध्ये त्या गाडीच्या उत्पादनाने दहा लाखांचा टप्पा गाठला. १९९० मध्ये होंडाने एनएसएक्स विक्रीला आणली. तिची बॉडी ॲल्युमिनियमची, व्ही६ इंजिन मिनिटाला ८,००० फेऱ्यांपर्यंत चढणारे, घडणीत फॉर्म्युला वन विश्वविजेता आयर्टन सेनाच्या सूचनांचा हातभार. आणि एवढे असूनही ती रोज कामावर नेण्याजोगी होती. इतक्या वर्षांपूर्वी जे जमले, ते आज जमत नाही असे कोणी सांगू लागला, तर मी ते ऐकून घेणार नाही.

आणि कृपा करून “एक गाडी मजेसाठी ठेवा, दुसरी कामासाठी” हा सल्ला तर मला देऊच नका. दोन विमे, दोन बॅटऱ्या, उभ्या करायला दोन जागा, दोन सर्व्हिसिंग, हा सगळा भार मी का वाहायचा? पहिल्या गाडीच्या कारखान्याने आपले काम अर्धवट सोडले म्हणून? तो जोड आधी धातूचा करा, मग मला सल्ले द्या.